मावसबहिणीच्या डिप्लोमा फिल्मला कोडिंगची मदत करायला गेलो आणि सगळ्यांचे शॉट फोडले, आता काय करू?

थर्डइयर_कॉम्प:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगतो.

मी पुण्यात कॉम्प इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी मावसबहीण (ताईच म्हणतो मी तिला) अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्यांची नऊ जणांची टीम मिळून साडेपाच मिनिटांची थ्रीडी फिल्म करतेय, ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. गोष्ट एका म्हाताऱ्या वासुदेवाची आहे एवढंच सांगतो, जास्त सांगितलं तर ताई मारेल. दिवाळीला घरी आली होती तेव्हा म्हणाली तुला पायथन येतं ना, मग आमची पाइपलाइन (म्हणजे फाईली, शॉट्स सांभाळणाऱ्या स्क्रिप्ट्स) बघ की जरा, मागच्या बॅचच्या एका मुलाने लिहिलीये आणि आमच्यातल्या कोणालाच त्यातलं ओ का ठो कळत नाही. मी म्हटलं हात्तिच्या, पायथनच आहे ना.

गिटहबवर प्रायव्हेट रेपो, म्हणजे कोडचा साठा, आहे. दोनेक हजार ओळी असतील. कॉमेंट औषधालाही नाहीत आणि रीडमीमध्ये एकच वाक्य, "आधी सर्व्हर चालू करा". कुठला सर्व्हर, कुठे आहे, काही नाही. बरं फोल्डर उघडून बघितले तर मुख्य कॅरेक्टरचंच नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेलं, एकाने वासुदेव व्ही लावून, एकाने डब्ल्यू लावून, आणि एकाने डब्ल्यू लावून वर दोन ए. आता माझ्यासारख्या माणसाला हे बघवतं का? मी दोन आठवडे बसून सगळ्याला एकच नेमिंग कन्व्हेन्शन लावणारी स्क्रिप्ट लिहिली, सोबत जुना कोडही साफ केला, आणि १४०० ओळींचा पुल रिक्वेस्ट टाकला, म्हणजे हे बदल तपासून मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती. रिव्ह्यू कोणी करेना. मग शनिवारी रात्री मी म्हटलं चालवून तर बघू, आणि शेअर्ड ड्राइव्हवरच चालवली. फोल्डर, फाईली, आतली कलेक्शन्स (वस्तूंचे गट), रिगमधले म्हणजे कॅरेक्टरच्या हलत्या सांगाड्यातले बोन्स, सगळं स्वच्छ एका पद्धतीत. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

रविवारी सकाळी नऊला ताईचा फोन. ६८ शॉट्सपैकी २३ मध्ये वासुदेव गायब. बाकीच्यांत आहे पण हात पसरून खांबासारखा उभा, अ‍ॅनिमेशन शून्य. टेक्श्चर्स सगळी गुलाबी. ब्लेंडर जी एक बॅकअप फाईल ठेवतो, शेवटी १ लावून, ती पण गेली कारण माझी स्क्रिप्ट प्रत्येक फाईल दोनदा सेव्ह करत होती. नशिबाने एका मुलीने शुक्रवारी गाईडला दाखवायला सगळं हार्ड डिस्कवर घेतलं होतं म्हणून वाचलो, तरी दोघा अ‍ॅनिमेटर्सचं शनिवारचं अख्खं काम गेलंच.

ताई "राहू दे रे आता" एवढंच म्हणाली. ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

तर प्रश्न. एक, मी नावंच तर बदलली, त्याने एवढं सगळं कसं काय तुटलं? दोन, मला अजूनही मदत करायचीये, सुरुवात कुठून करू? तीन, ब्लेंडरच्या फाईली पण गिटमध्ये टाकाव्यात का म्हणजे पुन्हा असं होणार नाही? आणि जाता जाता, असल्या कामाचा इंटर्नशिपला काही उपयोग होतो का, खरं सांगा.

---

हाडं_मोजणारी:

अरे बाळा. वाचताना माझ्याच पोटात गोळा आला.

मी सहा वर्षं रिगिंग करतेय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. तुझ्या डोक्यात नाव म्हणजे लेबल, डब्यावर चिकटवलेलं, बदललं तरी आत साखर ती साखरच. पण इथे नाव हाच पत्ता आहे. शॉटच्या फाईलमध्ये वासुदेव नसतोच मुळी, तो कॅरेक्टरच्या फाईलमधून लिंक केलेला असतो आणि ब्लेंडर फक्त एवढं लिहून ठेवतो की अमुक फाईलमधलं अमुक नावाचं कलेक्शन आण. तू कलेक्शनचं नाव बदललंस, आता ब्लेंडर त्या पत्त्यावर गेला आणि तिथे त्या नावाचं कोणी राहतच नाही, म्हणून २३ शॉटमध्ये गायब. बाकीच्या शॉट्सनी बहुतेक दुसरं कलेक्शन लिंक केलं असणार ज्याचं नाव आधीपासून तुझ्या कन्व्हेन्शनमध्ये बसत होतं, म्हणून तो निदान दिसला.

आता उभा का राहिला. अ‍ॅनिमेशनचा प्रत्येक कर्व्ह कुठल्या हाडाचा आहे हे हाडाच्या नावानेच साठवलेलं असतं. उजव्या मनगटाचा कर्व्ह असेल तर त्यात त्या बोनचं नाव अक्षरश: अवतरणात लिहिलेलं असतं. तू रिगच्या फाईलमध्ये बोनचं नाव बदललंस तर ब्लेंडर शहाणा आहे, तो त्याच फाईलमधल्या अ‍ॅक्शन्समध्ये ते दुरुस्त करून घेतो, पण शॉट्सच्या ६८ फाईली तेव्हा बंद होत्या रे, त्याला काय स्वप्न पडणार? कर्व्ह सगळे शाबूत आहेत, पण ज्या हाडाला शोधतायत ते हाड नाही. म्हणून खांब.

आणि गुलाबी म्हणजे टेक्श्चरची फाईल सापडली नाही, ते तर तुलाही कळलं असेल.

म्हणून आमच्यात एक नियम असतो, रिग एकदा शॉटमध्ये गेली की नावं गोठली. मग ती कितीही भिकार असोत. मी एका मालिकेवर होते तिथे मुख्य पात्राच्या डाव्या कोपराच्या बोनचं स्पेलिंग पहिल्या दिवसापासून चुकलेलं होतं आणि शेवटच्या एपिसोडपर्यंत आम्ही सगळे ते चुकीचंच टाइप करत होतो. कोणी मेलं नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, बघणारं टूल लिही, हात लावणारं नको. फाईल उघडायची, तपासायची, काय चुकलंय ते सांगायचं, सेव्ह न करता बंद करायची. कोणाचं टेक्श्चर स्वत:च्या डेस्कटॉपवरून जोडलंय, कोणी स्केल अप्लाय न करता ऑब्जेक्ट तसाच ठेवलाय, कोणाच्या शॉटचा फ्रेम रेट वेगळाय. दुरुस्त ज्याचं त्याने करावं.

आणि एक दिवस लॅपटॉप न घेता जा. ताईच्या शेजारी खुर्ची टाकून बस, संध्याकाळभर, काही बोलू नको. ती कुठली गोष्ट दहा वेळा करते ते बघ. मी पैजेवर सांगते, वासुदेव आहे म्हणजे डोक्यावर मोरपिसांची टोपी आहे, म्हणजे त्या टोपीमुळे व्ह्यूपोर्ट (काम करतानाची थ्रीडी खिडकी) रांगत असणार आणि प्रत्येक जण शॉट उघडल्या उघडल्या आधी ती पिसं शोधून लपवत असणार. त्याचं एक बटण करून दे. वीसपंचवीस ओळींचं काम आहे. पण लपवताना फक्त व्ह्यूपोर्टमधून लपव, कॅमेऱ्याच्या चित्राचा जो वेगळा स्विच असतो रेंडरचा त्याला चुकूनही हात लावू नको, नाहीतर अख्खी फिल्म टकल्या वासुदेवाची रेंडर होईल.

---

नाइट_शिफ्ट_टीडी:

हाडं_मोजणारी ताईंनी वर बरोबर सांगितलंय, मी पुढचं सांगतो. मुंबईत स्टुडिओत टीडी (टेक्निकल डायरेक्टर) आहे, त्याआधी दोन स्टुडंट फिल्म्सवर फुकट राबलोय, त्यामुळे जखमा ताज्या आहेत.

माझं मत थोडं वेगळंय, बटणं नंतर, आधी बॅकअप. तू लिहिलंयस की एका मुलीच्या हार्ड डिस्कमुळे वाचलो, म्हणजे तुमचा बॅकअप ही एक मुलगी आहे. ती आजारी पडली तर? रात्री दोन वाजता शेअर्ड फोल्डरची तारीख टाकून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणारी स्क्रिप्ट लिही, ब्लेंडरचा संबंध नाही, नुसतं कॉपी. हे तुझं पहिलं काँट्रिब्यूशन. कोणी कौतुक करणार नाही, चालायचंच.

मग व्हर्जन. नऊ जणांकडे कुठकुठलं ब्लेंडर आहे ते विचार, मी सांगतो तीन तरी वेगळी निघतील. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाईल जुन्यात नीट उघडेलच असं नसतं आणि तुझा कोडही बदलतो, उदाहरणार्थ ४.४ मध्ये अ‍ॅक्शनला स्लॉट आले, त्यामुळे अ‍ॅक्शनशी खेळणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट्स पुन्हा तपासाव्या लागल्या. एक एलटीएस, म्हणजे जास्त काळ फिक्सेस मिळणारं व्हर्जन, धरा आणि फिल्म संपेपर्यंत हलू नका. उदाहरणार्थ ४.२ एलटीएस जुलै २०२४ ला आलं, त्याला फिक्सेस जुलै २०२६ पर्यंतचे, तुमच्यासारख्या फिल्मला असंच पाहिजे. आणि हो, ब्लेंडर स्वत:चा पायथन सोबत घेऊन येतो, ४.२ मध्ये ३.११ आहे. तू तुझ्या मशीनवर पिपने काहीतरी इन्स्टॉल करशील, तुझ्या टर्मिनलमध्ये चालेल, ब्लेंडरमध्ये मॉड्यूल सापडलं नाही म्हणून बोंबलेल, आणि तू तीन तास केस उपटशील. शक्यतो बाहेरची लायब्ररी वापरूच नको, पायथनमध्ये जे मुळात आहे त्यात भागव. लॅबच्या मशीनवर अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे नसतो.

आता खरी गोष्ट, रेंडर, म्हणजे शॉटमधून फायनल चित्रं काढणं. ही कोणी आत्ता विचारात घेत नाही, मार्चमध्ये घेतात. साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद, गुणिले सेकंदाला २४, झाल्या ७९२० फ्रेम्स. एक फ्रेम चार मिनिटांत झाली असं धर, मोरपिसं आहेत म्हणजे कमीच धरतोय, तर एका मशीनला ५२८ तास, बावीस दिवस आणि रात्री. लॅबमधली बारा मशिन्स रात्री आठ ते सकाळी आठ मिळाली तर साधारण चार रात्री. आणि हे सगळं एकदाच आणि बरोबर झालं तर, जे आजवर कोणाचं झालेलं नाही. जागा पण बघून ठेव, फुल एचडी हाफ फ्लोटची एक ईएक्सआर (रेंडरसाठी वापरतात तो इमेज फॉरमॅट) फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय साडेसोळा एमबीची होते, म्हणजे अख्खी फिल्म एकदा काढली तरी १३० जीबी.

रेंडर मॅनेजर म्हणून फ्लेमेंको आहे, ब्लेंडर स्टुडिओवाल्यांनीच बनवलाय, फुकट आहे, एका मशीनवर मॅनेजर आणि बाकीच्यांवर वर्कर. तेही जमलं नाही तर गरिबाची रेंडर फार्म सांगतो. आउटपुटच्या सेटिंगमध्ये ओव्हरराइट बंद कर आणि प्लेसहोल्डर्स चालू कर, आणि तीच फाईल बाराही मशीनवर एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये रेंडरला लाव. प्रत्येक मशीन फ्रेम घेतानाच त्या नावाची रिकामी फाईल टाकून ठेवतं, दुसरं मशीन ती बघतं आणि पुढच्या फ्रेमवर जातं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. इमेज सिक्वेन्सच काढायचा, व्हिडिओ फाईल नाही.

यात एकच गोची आहे आणि तिथे तुझा कोड लागतो. मशीन मधेच बंद पडलं तर रुमाल तसाच राहतो. शून्य बाइटची फाईल. दुसऱ्या रात्री पुन्हा लावलं तरी सगळी मशिन्स म्हणतात ही तर झाली, पुढे चला. एका फिल्मला आमच्या अशा ४० फ्रेम्स राहिल्या आणि त्या कळल्या कधी तर एडिटला, सबमिशनच्या आदल्या दिवशी. तेव्हा सकाळी फोल्डर चाळून शून्य बाइटच्या फाईली उडवणारी आणि कुठल्या फ्रेम्स नाहीत ते छापणारी स्क्रिप्ट लिहून ठेव. दहा ओळी. मला विचारशील तर अख्ख्या पाइपलाइनमध्ये यापेक्षा उपयोगी कोड मी लिहिलेला नाही.

---

भाई_प्रॉम्प्ट:

एवढा निबंध कशाला राव, एआयला सांगायचं पाइपलाइन लिहून दे, पाच मिनिटांत हजार ओळी

---

नाइट_शिफ्ट_टीडी:

@भाई_प्रॉम्प्ट ओळी कमी पडल्या म्हणून कुठे प्रॉब्लेम झाला, १४०० होत्या की त्याच्याकडे. लिहून घे कोणाकडूनही, पण ६८ फाईलींवर चालवायच्या आधी प्रत्येक ओळ काय करते ते चालवणाऱ्याला माहीत पाहिजे.

---

मॉन्ट्रियलचा_गारठा:

मूळचा सातारचा, इथे व्हीएफएक्समध्ये आहे. रिव्ह्यूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मित्रा, "रिव्ह्यू कोणी करेना" असं लिहिलंयस. कोण करणार होतं? रेपोचा मालक म्हणून जो कोणी आहे तो स्वत: फायनल इयरचा, त्याच्या डोक्यावर त्याचे सात-आठ शॉट, आणि तू त्याच्यापुढे १४०० ओळी टाकल्यास ज्यात नेमिंग पण आहे, साफसफाई पण आहे, स्पेसेसचे टॅब पण झालेत. मी पगार घेऊन हे काम करतो आणि मीही तो उघडून बंद केला असता. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. वर चार ओळी साध्या भाषेत लिही, काय केलंय, कुठल्या शॉटवर तपासलं, आणि बिघडलं तर परत कसं न्यायचं. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती लिहिता आली नाही तर समज की तो बदल अजून तयार नाही. स्क्रीनशॉट टाक, आर्टिस्ट लोक कोड वाचत नाहीत पण चित्र बघतात. आणि रिव्ह्यू न होता प्रॉडक्शनवर चालवणं, तेही शनिवारी रात्री, यावर मी काही बोलत नाही, तू भोगलंयस.

दुसरं, चाचणीसाठी एक खोटा प्रोजेक्ट बनव. दोन शॉट, एक ठोकळ्याचं कॅरेक्टर ज्याला तीन हाडं, एक टेक्श्चर. फोल्डरची रचना खऱ्यासारखीच. कुठलीही स्क्रिप्ट आधी त्यावर. तुझी नेमिंगची स्क्रिप्ट त्यावर चालवली असतीस तर पाच सेकंदांत ठोकळा गायब झालेला दिसला असता.

गिटचं. कोड गिटमध्ये, ब्लेंडच्या फाईली नको. बायनरी फाईल आहे, दोघांनी एकच शॉट बदलला तर गिट मर्ज करू शकत नाही, कोणातरी एकाचं टाकूनच द्यावं लागतं. शिवाय गिटहब १०० एमबीच्या वरची फाईल सरळ परत पाठवतो, आणि एलएफएस (मोठ्या फाईलींसाठीची गिटची सोय) लावलं की कोट्याचं लफडं. ब्लेंडर स्टुडिओने त्यांच्या ओपन फिल्म्सच्या फाईली एसव्हीएनमध्ये (गिटच्या आधीची व्हर्जन सांभाळणारी सिस्टीम) ठेवल्या आहेत, जुनं वाटेल पण त्यात लॉक करता येतं, मी उघडलंय तोवर तू सेव्ह करू नको. फक्त एसव्हीएन प्रत्येक फाईलची एक मूळ प्रत लपवून ठेवतो त्यामुळे डिस्कवर जागा जवळपास दुप्पट लागते हे लक्षात घ्या. पण खरं सांगू का, नऊ जण एकाच खोलीत बसत असतील तर टीडीभाऊंचा रात्रीचा बॅकअप आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "शॉट ३१ मी उघडलाय" हेही पुरतं. फिल्म मे महिन्यात संपणार आहे, तुमचा स्टुडिओ नाहीये.

लायसन्सचं कोणी विचारत नाही म्हणून मीच. ब्लेंडरचं अ‍ॅडऑन उद्या तू सगळ्यांसाठी टाकणार असशील तर ते जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली टाकावं लागतं, फिल्म मात्र तुमचीच, ती जीपीएल होत नाही, अनेकांचा हा गोंधळ असतो. आणि त्यातल्या दोन हजार ओळी मागच्या मुलाच्या आहेत, पब्लिक करण्याआधी त्याला विचार. हिस्टरीत कुठे ड्राइव्हचा पासवर्ड पडलेला नाही ना तेही बघ, नंतरच्या कमिटमध्ये पुसला तरी जुन्यात तो दिसतोच.

इंटर्नशिपला उपयोग होतो. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा पाइपलाइन लिहिली म्हणणारे खूप भेटतात, आर्टिस्टने ती वापरली असं सांगणारा क्वचित. तुझी ही रविवार सकाळची गोष्ट तर नक्की सांग, लपवू नको.

---

मागच्या_बाकावरचा:

मी असाच एक "मागच्या बॅचचा मुलगा" आहे, तुमच्या कॉलेजचा नाही, वेगळ्या. म्हणून दुसरी बाजू.

आमची फिल्म झाली, मी पास झालो, आणि पुढच्या बॅचने माझा कोड महिन्याभरात फेकला. राग आला होता तेव्हा. नंतर एका ज्युनिअरने दाखवलं तर त्यात अकरा ठिकाणी माझ्या स्वत:च्या नावाचा फोल्डर लिहिलेला होता, सी ड्राइव्ह, यूजर्स, मी, डेस्कटॉप. माझं मशीन फॉरमॅट झालं त्या दिवशी पाइपलाइन मेली. ब्लेंडरमध्ये दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा रिलेटिव्ह पाथ असतो, तो मला फायनल इयरला माहीत नव्हता, हसा.

तेव्हा तो मुलगा मूर्ख नव्हता, घाईत होता. त्याला फोन कर. रीडमीत एकच वाक्य आहे म्हणतोस, ते त्याने कोणासाठी लिहिलं असेल, स्वत:साठीच. त्याला विचारलंस तर तासभर बोलेल तो, आम्हाला कोणी विचारतच नाही.

---

थर्डइयर_कॉम्प:

मंडळी, बारा दिवसांनी येतोय, सॉरी, सबमिशन्स होती.

आधी कबुली, १४०० ओळींचा पुल रिक्वेस्ट मीच बंद केला, खाली माफी लिहिली, त्यावर रेपोवाल्याने नुसता चहाच्या कपाचा इमोजी टाकला, म्हणजे ठीक आहे असं मी धरलं.

मागच्या बॅचच्या मुलाचा नंबर ताईकडून मिळाला. फोन केला. "आधी सर्व्हर चालू करा" याचा अर्थ विचारला तर तो पाच मिनिटं हसत होता. सर्व्हर म्हणजे लॅबच्या कोपऱ्यातला एक जुना पीसी, ज्यावर शेअर्ड फोल्डर आहे, आणि झाडलोट करताना त्याचं भिंतीवरचं बटण बंद होतं. ते चालू करा. बास. मी दोन आठवडे कोडमध्ये फ्लास्क (पायथनमध्ये वेब सर्व्हर लिहायची लायब्ररी) शोधत होतो.

ताईच्या शेजारी बसलो एक संध्याकाळ. हाडं_मोजणारी ताई, तुम्ही पैज जिंकलात, पिसंच. शॉट उघडला की आउटलायनरमध्ये (सीनमधल्या वस्तूंची यादी) खाली स्क्रोल, टोपी, त्यात पिसं, डोळा बंद, दर वेळी. शिवाय दोन अ‍ॅनिमेटर्स वैतागून ती परत चालूच करत नव्हते आणि मग प्लेब्लास्टमध्ये (व्ह्यूपोर्टमधून काढलेला झटपट प्रिव्ह्यू) गाईड विचारायचे टोपी कुठाय. बटण केलं, ३१ ओळी झाल्या. पहिल्या व्हर्जनमध्ये तुम्ही सांगूनही मी रेंडरचा स्विच पण बंद केला होता, पण ठोकळ्याच्या प्रोजेक्टवर कळलं, तेव्हा मॉन्ट्रियलवाल्या दादांचे आभार. मर्ज झालंय! सगळे वापरतायत, एकीने तर विचारलं की धोतराच्या सिम्युलेशनसाठी पण असंच करून देशील का.

तपासणीचं टूल पण झालं, फक्त बघतं, सेव्ह करत नाही. पहिल्याच रात्री ४१ टेक्श्चर्स कोणाच्या ना कोणाच्या डेस्कटॉपवरची निघाली आणि तीन शॉट सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम रेटचे. त्या तीनपैकी एक वासुदेवाचं गाणं आहे, दहा सेकंदांचा, एडिटला २४ वर टाकल्यावर शेवटी ओठ दहा फ्रेम मागे राहायचे आणि ते सगळे दोन आठवडे साउंडवाल्या मुलाला शिव्या घालत होते. त्याने मला वडापाव दिला.

वासुदेवाची तीनही स्पेलिंग्स तशीच आहेत. कोडमध्ये एक छोटी डिक्शनरी ठेवलीये, तिन्ही नावं एकाच माणसाची असं सांगणारी. बघवत नाही पण बघतो.

आता टीडीदादा, तुमच्यासाठी प्रश्न. काल रात्री प्लेसहोल्डरवाली युक्ती चार मशीनवर करून बघितली, एक शॉट, ९६ फ्रेम्स. सकाळी येऊन बघतो तर ३७ झालेल्या आणि चार शून्य बाइटच्या. कारण शोधलं तर कोडमध्ये नाहीये. लॅबचे वॉचमनकाका रात्री दहाला मजल्याचा मेन स्विच पाडतात. यावर स्क्रिप्ट काय लिहू?

---

नाइट_शिफ्ट_टीडी:

हाहा. चार मशीन, चार रुमाल, हिशोब चोख लागतोय.

यावर स्क्रिप्ट नसते, अर्ज असतो. एचओडीच्या सहीचं पत्र घे, त्यावर तारखा, मशीन नंबर आणि तुझ्या ताईचा मोबाईल, आणि ते काकांना स्वत: हातात दे, नोटीस बोर्डावर लावू नको. त्यांची ड्युटी बदलते का तेही विचार, दोन काका असतील तर दोन कॉपी. मेन स्विचवर पण एक चिकटव, मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि लॅबचा एसी त्याच स्विचवर आहे की वेगळ्या ते आजच बघून घे, बारा मशिन्स बंद खोलीत रात्रभर तापली तर पुढचा प्रश्न तू तोच विचारणार आहेस.